मराठी पुस्तके खाली

लायब्ररीच्या गेटवर पिशवी जमा करावी लागते. ज्याची त्यानं परत नेली तर ठीक, नाही तर गार्डच्या टेबलाखाली ढीग होतो. किश्शांचंही तसंच आहे. कोणी उचलत नाही, साचत जातात. आमच्या गल्लीत बायका जमल्या की त्या ढिगातून एकेक पिशवी निघते, आणि मग चहा थंड होतो!

मी बोलते, माझी नात श्रुती टाइप करते. मला अक्षर ओळखता येत नाही, पण आठवतं सगळं. आणि मजा अशी, की माझे हे किस्से आहेत युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतले.

*

सुरुवात अशी झाली. आम्ही राहतो महाराजपूरला. सासरे नागपूरकडून नोकरीसाठी जबलपूरला आले, ते इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. समोरच्या मेश्रामांची वैशाली लायब्ररीत नोकरीला आहे. एका रविवारी विहारातून येताना ती माझ्या ओट्यावर टेकली. तोंड उतरलेलं.

"मावशी, लायब्ररीत सगळं अपडेट होऊन राहिलं. नवे कम्प्यूटर, नवी मशीन. अन् जी पुस्तकं कोणी नेत नाही, ती समिती येऊन गोदामात टाकणार."

"मग?"

"मराठीची एक अलमारी आहे. तिला कोणी हातच लावत नाही. गोदामात ओल आहे, उंदीर आहेत. तिथं गेलेलं पुस्तक परत येत नाही मावशी. आता बाहेरच्या लोकांनाही कार्ड मिळते. तुम्ही न्या ना पुस्तकं!"

शेजारची शेवंताबाई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "अवं पोरी, आम्हाला वाचता कुठं येते?"

"नातवांना येते ना? अक्षरं तर हिंदीचीच आहेत."

"त्यांना वाचता येते, पण पुस्तकातली मराठी कळत नाही."

"तुम्हाला कळते ना? झालं तर!"

असे आम्ही अर्धे-अर्धे मिळून एक वाचक झालो.

*

कार्ड काढायला गेलो. खिडकीत बसलेला मुलगा भला होता. मान खाली घालून एकेक विचारत होता. नाव, पत्ता, मोबाइल. शेवंताबाईची पाळी आली.

"माताजी, क्वालिफिकेशन?"

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठं माहीत! मग तीच ठसक्यात म्हणाली, "चार बच्चे. चारों नौकरी पे!"

त्यानं मान वर करून तिला नीट पाहिलं, आणि काहीतरी टाइप केलं. काय टाइप केलं ते वैशालीनं नंतर सांगितलं. अनुभव!

*

गेटवर तिवारी भैया असतो. मोठ्या मिशा, आवाज त्याहून मोठा.

"अम्मा, बैग बाहर."

म्हटलं, "बैग नहीं है भैया, पिशवी है."

"पिशवी भी बाहर."

पिशवीत पानाचा डबा, गुडघ्याची गोळी आणि अर्धवट विणलेला स्वेटर. म्हटलं, "मुझे पढ़ना नहीं आता रे बाबा, किताब चुराके क्या करूँगी?"

"नियम है अम्मा. कुलपति जी आएँगे तो उनकी भी बैग बाहर!"

मला तो माणूस तेव्हाच आवडला. नियम म्हणजे नियम. पिशवी ठेवून पुढं गेलो, तर तिथं अंगठ्याचं मशीन. येणारा-जाणारा त्यावर अंगठा टेकवत होता. सूटवाले सर, चष्मेवाल्या मॅडम, सगळे. शेवंताबाई थबकली.

"कमलबाई, काहून वं, एवढे शिकून हे सगळे अंगठाछापच राहिले काय?"

मागून एक सर फिस्सकन हसले. मराठी निघाले!

मग मी अंगठा लावला. मशीननं लाल दिवा दाखवला. पुसून लावला, लाल. डावा लावला, लाल. तिवारी भैया म्हणाला, "बर्तन माँज-माँज के घिस गया अम्मा. अंगूठा नहीं चलेगा, आप साइन कर दो."

आता बोला! राशनपासून बँकेपर्यंत जन्मभर अंगठ्यावर भागवलं, आणि जिथं अंगठा चालतो अशा पहिल्या शहाण्या ठिकाणी माझा अंगठा नापास!

*

पुस्तकं घरी आली. वाचन माझ्या पुढच्या खोलीत. लायब्ररीत बोलायची मनाई, आणि आम्हाला तर ऐकायचंच होतं. श्रुती वाचायची, आम्ही बायका भाजी निवडत ऐकायचो.

एकदा तिनं वाचलं, "गुरुजींनी त्याला कडक शिक्षा केली." आणि खूश होऊन म्हणाली, "अच्छा! आजी, हे सर चांगले आहेत. गरीब मुलाला शिक्षा देऊन राहिले."

आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी! ती बिचारी गोंधळली. "काय झालं? शिक्षा मतलब पढ़ाई ना?"

"नाही वं माय, शिक्षा म्हणजे मार!"

"मग हिंदीत पढ़ाई अन् मराठीत मार?"

शेवंताबाई मेथी निवडत म्हणाली, "दोन्ही एकच आहे पोरी. म्हणून तर मी शाळेतून पळाली!"

त्याच पुस्तकात एक शब्द आला, उतरंड. श्रुती म्हणाली, "मतलब?" मी उठून स्वयंपाकघरातले डबे आणले. मोठा खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. म्हटलं, अशी मडकी रचायची, ती उतरंड. माझ्या आईकडे होती. आई गेल्यावर हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. मग शेवंताबाई म्हणाली, "वाच पुढं."

तेव्हापासून अलमारीची काळजी वैशालीपेक्षा मला जास्त लागली.

*

मोबाइलवर मेसेज येण्याची नवी सर्विस सुरू झाली. शेवंताबाई जेवून पडली होती. फोन टिंग वाजला. नातवानं मोठ्यानं वाचलं, "प्रिय सदस्य, आपकी अवधि समाप्त हो चुकी है."

शेवंताबाई उठून बसली.

"कोण बोलते?"

"लायब्ररी."

"त्यांना कोणं सांगितलं? मी तर आत्ता जेवली!"

*

समिती यायची वेळ जवळ आली. वैशाली म्हणाली, "जेवढी पुस्तकं नेलेली दिसतील, तेवढी वाचतील." मग आम्ही कमरच कसली. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची कार्डं निघाली. सुना, नातवंडं, जावई, कोणाला सोडलं नाही.

अडचण एकच. वरच्या फळ्यांपर्यंत आमचे हात पोचेनात. वैशालीनं सगळी पुस्तकं खालच्या फळ्यांवर उतरवली. पोरांना शोधावं लागू नये म्हणून वर कागद चिकटवला, ठळक अक्षरात: 'मराठी पुस्तके खाली'.

आम्ही नेत गेलो, नेत गेलो. शेवटचा गठ्ठा ऑटोत टाकला आणि दुसऱ्या दिवशी समिती आली.

संध्याकाळी वैशाली आली ती रडवेली. चप्पलही काढली नाही.

"काय झालं वं?"

"मावशी, मोठे साहेब अलमारीपाशी आले. कागद वाचला. म्हणाले, 'मराठी पुस्तकें खाली. बहुत अच्छा, ईमानदारी से लिखा है. खाली है तो अलमारी उठवाओ, आफिस में फाइलें रखनी हैं.' मी म्हटलं, सर, मराठीत खाली म्हणजे नीचे. तर म्हणतात, 'नीचे क्या है?' अन् वाकून पाहिलं."

"मग?"

"मग काय मावशी! तुम्ही सगळी नेली होती ना. खाली पण खालीच होतं!"

मला हसू आवरेना. ती आणखी चिडली. "तुम्ही हसून राहिल्या! मी कम्प्यूटरवर दाखवलं, सर, सगळी लोकांकडे गेलीत. ते म्हणाले, चांगलं आहे, पुस्तकं ठेवा, पण अलमारी आजच पाहिजे. अन् गेली. आता पुस्तकं परत आली तर ठेवू कुठं? जागा नाही म्हणून सरळ गोदामात जातील."

शेवंताबाई म्हणाली, "मग परत काहून करायची?"

वैशालीनं डोळे पुसले. जरा विचार केला. "रिन्यू करता येते. पण नवीन कम्प्यूटर हट्टी आहे मावशी. पुस्तक कुठं ठेवलं ते भरल्याशिवाय पुढं जात नाही. अलमारीचा नंबर तर आता राहिला नाही."

"मग भर काहीतरी!"

"भरते काहीतरी," ती म्हणाली.

त्या रात्री सगळ्या घरांतली पुस्तकं माझ्याकडे आली. माझ्याकडेही अलमारी नाही. पुढच्या खोलीत भिंतीशी रचली. मोठं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान.

*

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी दारात स्वेटर घेऊन बसले होते. ऑटो थांबला. एक मॅडम उतरल्या. चष्मा, कडक इस्त्रीची साडी, हातात मोबाइल. मोबाइल पाहत, घरांवरच्या पाट्या वाचत माझ्यापाशी आल्या.

"माताजी, नमस्ते. मैं यूनिवर्सिटी से हूँ, इतिहास विभाग. एक मराठी किताब चाहिए थी. कम्प्यूटर में लिखा है..." त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "मराठी विभाग. कमल आजी, आगे का कमरा, महाराजपुर. यही है क्या?"

मी विणकाम बाजूला ठेवलं. त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांद्याला मोठी बॅग होती.

म्हटलं, "यही है. बैग बाहर."