भागक्काची लालबाग

बंगळूरजवळच्या येलहंकेच्या जुन्या वस्तीत भागक्काच्या घरामागे रुद्रभूमी, म्हणजे स्मशान. इकडच्या मराठ्यांत पुष्कळ घराण्यांत मेलेल्याला पुरायची रीत, त्यामुळे भिंतीपलीकडे सगळे नात्यागोत्यातलेच झोपलेले. घरात भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि नवऱ्याच्या, मुकुंदरावांच्या, कॅमेऱ्याचा फ्लॅश पहिल्याच दिवाळीत मेला. मग काय, पडक्या भिंतीतून पलीकडे जायचं, चाफ्याखालच्या ऐसपैस समाधीवर बसायचं आणि उन्हात दात दाखवायचे. बारसं, नवी स्कूटर, मुलीचा स्थळांना धाडायचा फोटो, सगळं तिथलंच. बेळगावचे पाव्हणे विचारायचे, "बाग झकास आहे, कुठली?"

"लालबाग," भागक्का म्हणायची. पापणीसुद्धा लवायची नाही.

गेल्या वर्षी मुकुंदरावच त्या चाफ्याच्या उजव्या अंगाला मातीआड झाले. शेजारी एका माणसापुरती जागा उरली. ती भागक्काला स्वतःसाठी हवी होती. पण समाजाच्या कमिटीचा सेक्रेटरी गिरीधर अडून बसला. मध्यंतरी भराव टाकताना तिथले जुने दगड गाडले गेले होते.

"अक्का, माझे आजोबा त्याच चाफ्याखाली कुठंतरी आहेत. नक्की कुठं ते कळल्याशिवाय जागा देता येणार नाही. स्वल्प थांबा."

"थांबायचं वय आहे होय रे माझं?"

दुसऱ्या दिवशी ती अल्बम काखोटीला मारून त्याच्या कापडदुकानात हजर. गिरीधर पानं उलटत गेला आणि स्थळांच्या फोटोवर थबकला. मुलगी लाजून बसलेली. तिच्या दोन चपलांच्या मधोमध, दगडात कोरलेलं नाव.

"अय्यो! तुमची पोरगी माझ्या आजोबांवर बसलीये!"

"नंतर तिची पोरंही बसली. म्हातारा एकदाही कुरकुरला नाही. दगडाला चुना कुणी लावलाय बघ. फुलं कुणाची? तू मोठा नातू, तू कधी फिरकलास?"

गिरीधरनं फोटो डोळ्यांजवळ नेला. त्याच्या घरी त्या दगडाचा एकही फोटो नव्हता.

"चाफ्याच्या डावीकडं आहेत की हो आजोबा!"

"आणि उजवीकडं?"

"नुसतं गवत."

"तेच माझं."

"सरी अक्का, तुमचंच. हा फोटो मला द्याल?"

"देते की. आधी जागा आखून दे."

रविवारी गिरीधरनं डावीकडं उकरवलं. हातभर खाली आजोबांचा दगड लागला. मग उजवीकडं, मुकुंदरावांना लागून, चार खुणेचे दगड रोवले. भागक्का तडक मधोमध जाऊन बसली. आधी मांडी घालून पाहिलं, मग पाय पसरून.

"अक्का, उठा! जितेपणी बसू नये तिथं."

"गप. मोबाईल काढ. चाफा येऊ दे मागं." तिनं पदर सारखा केला. "आला? आता बेळगावला धाड."

"खाली काय लिहू?"

"लालबाग. आणखी काय?"