वेल्सच्या नातीने गाठलेला मुहूर्त

आमच्या घराण्यात आजवर एकही लग्न मुहूर्तावर लागलेलं नव्हतं. माझ्या लग्नात तर भटजी मध्येच उठून दुसरीकडचं लग्न लावून परत आले, तरी आमची वरात अजून रस्त्यातच होती. म्हणून माझ्या एकुलत्या मुलाचं, निखिलचं, ठरलं तेव्हाच मी घरात सांगून टाकलं: लग्न मुहूर्तावर लागेल आणि मी समोर उभी राहून ते डोळे भरून पाहीन.

लग्न कटंगीला, मुलीकडे. हॉल, बँड, गाड्या, सगळं वेळेत ठरलं. राहिली नवरदेवाची घोडी. लग्नाची दाट तिथी, त्यामुळे मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटपासून वारासिवनीपर्यंत एकही घोडी मोकळी नव्हती. तेव्हा माझे दीर विलासभाऊ पुढे आले. नागपूरला मुलांना घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा बंद पडली, तिथली मैना नावाची घोडी त्यांनी हौसेनं शेतावर आणून ठेवली होती.

"वहिनी, आपली मैना नेऊ ना. इले गावठी समजू नका. हिचा आजा वेल्सचा हाय."

"वेल्स कुठं आलं?"

"इंग्लंडच्या बाजूले."

"अन् आजी?"

"आजी आपल्याच इकडची. म्हणून तर इले उन्हाचं काई वाटत नाई."

मैना पांढरीशुभ्र, गुबगुबीत आणि दिसायला फार गोड. उंचीचं मात्र आजोबांकडूनही काही मिळालेलं नव्हतं. (वेल्सची तट्टं बुटकीच असतात, हे मला नंतर कळलं.) निखिल सहा फुटी. तो बसला की पाय जवळजवळ जमिनीला टेकत.

"मम्मी, ये मुझे ले जा रही है या मैं इसे?" त्यानं विचारलं.

"गप बस," मी म्हटलं. "शांत हाय न ते? मंग झालं."

आणि शांत होतीच. मी काही कुणाच्या शब्दावर विसंबणारी बाई नाही. मैनेसमोर बँड वाजवून पाहिला. फटाके लावले. झगमगते दिवे दाखवले. पाठीवर झूल, गळ्यात हार, समोर नाचणाऱ्या मावश्या (ही परीक्षा सर्वांत कठीण). मैनेनं कान हलवला नाही. हार तेवढा खाल्ला.

लग्नाच्या दिवशी वरात हॉलच्या दाराशी पोचली तेव्हा मुहूर्ताला चांगला अवकाश होता. मी मागे राहून रेंगाळणाऱ्यांना पुढे ढकलत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. दारात नवरीच्या बहिणींनी रिवाजाप्रमाणे लाल फीत आडवी धरली होती. नेग, म्हणजे मानाचे पैसे, द्या, फीत कापा, मग आत या. घोडी बुटकी, म्हणून पोरींनी फीतही खाली घेतली.

मैनेनं फीत पाहिली. कान टवकारले. चार पावलं दुडकी आणि हूप!

नवरदेवासकट ती फितीवरून पलीकडे गेली. निखिल मानेला मिठी मारून "अरे रोको, रोको!" ओरडत आत दिसेनासा झाला.

"विलासभाऊ! हे उडी मारते?"

"हौ, नागपूरच्या शाळेत तेच तर शिकवत होते तिले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलंच नाई, वहिनी. तुमी बँडचं इचारलं, फटाक्याचं इचारलं."

मी दाराकडे धावले, तर पोरींनी धाडकन दार लावून घेतलं. "आंटी, नेग दिल्याबिगर नवरदेव आत गेला. आता सगळ्या वरातीचा नेग."

"फीत कापलीच नाई, तर नेग कायचा?" मी म्हटलं.

इथं मी पैसे देऊन मोकळी व्हायला हवी होती. पण मुद्दा माझ्या बाजूनं होता! मी तो नीट समजावून सांगितला. त्यांनी खोडला. मी परत मांडला. विलासभाऊ दोन्हीकडून बोलत होते. नाचायला जागा मिळाल्यामुळे मावश्या खूश होत्या. तेवढ्यात आतल्या लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली.

"हे कोणाचं लग्न लावून राह्यले?" मी विचारलं.

दारामागून एक पोरगी खिदळली, "तुमच्याच पोराचं, आंटी."

नंतर व्याह्यांनी हात जोडून खुलासा केला. "भटजी म्हणे, येवढ्या वर्षांत पयल्यांदा नवरदेव टायमाच्या आधी आला, याले आता सोडत नसतो. आमाले वाटलं, तुमी मागंमागं येऊनच राह्यल्या."

दार उघडलं तेव्हा टाळ्यासुद्धा वाजून झाल्या होत्या.

लग्न मुहूर्तावर लागलं, याला फोटोचा पुरावा आहे. अक्षता पडताहेत, निखिलचा फेटा कानावर आलाय आणि त्याच्या मागे, वरमाईनं उभं राहायचं त्या जागी, मैना मंडपाची झेंडूची माळ चघळते आहे. आमच्या बाजूचं दुसरं कुणीच त्या फोटोत नाही. सूनबाईंनी तोच मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. येणारे-जाणारे म्हणतात, छान आलाय. खोटं कशाला बोलू, मी तिथं उभी असते तर माझा चेहरा इतका शांत नक्कीच आला नसता.