गणितातली शर्यत

शेजारच्या गॅलरीत सरांची शिकवणी भरते आणि रोज संध्याकाळी चहा पिता पिता मला तीच शर्यत ऐकावी लागते. भारताचा धावपटू पुढे, नेपाळचा मागे, "सांगा, कोण जिंकलं?" अहो, गणित शिकवताय की सीमा राखताय? आकड्यांना कसला आलाय देश! त्यातून शिकवणीला आमच्या वॉचमनची सुषमा बसते, ती नेपाळची.

काल सरांकडूनच दोन्ही धावपटूंच्या वेगांची अदलाबदल झाली. सुषमानं झटकन हात वर केला. "सर, नेपाळ जिंकला!"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, आकडे पुसले. "थांबा, गणित चुकलंय."

काही चुकलं नव्हतं हो! नव्या आकड्यांनी मग भारत जिंकला. तेही उत्तर सगळ्यांच्या आधी सुषमानंच दिलं, फक्त हात वर न करता.