वॉइड डेकवरचे बारसे

वयाची साठी उलटल्यावर, कोणी मागितले नसताना, लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. वाचकांनी त्याबद्दल आरंभीच क्षमा करावी. आयुष्यभर मी बँकेत अहवाल लिहिले. त्यांखाली सही दुसऱ्याची असे आणि ते मला फार सोयीचे वाटे. चारचौघांत बोलायची वेळ आली की आजही मी पाण्याचा पेला शोधू लागतो. परंतु ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते माझे साडू हल्ली स्वतः काही बोलेनासे झाले आहेत, म्हणून हे धाडस. आणि धाडस केलेच आहे तर एक विधान निःसंकोचपणे करतो: माझ्या साडूंइतका समजावून सांगणारा माणूस, आम्ही देश सोडून स्थायिक झालो त्या या बेटावर, दुसरा झाला नाही.

याला सवय म्हणावे तर तो शब्द तोकडा पडतो. ती त्यांची श्वसनक्रियाच होती. पासिर रिस या उपनगरातल्या आमच्या बहुमजली ब्लॉकची लिफ्ट एकदा त्यांच्यासह दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तंत्रज्ञाने बऱ्याच खटपटीनंतर दार उघडले, तेव्हा आतले रहिवासी लिफ्टचा ब्रेक कसा लागतो हे ऐकण्यात इतके गुंतले होते की त्यांनी त्यालाच जरा थांबण्याची खूण केली. हॉकर सेंटर या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या कॉफीवाल्या काकांना, ज्यांचा जन्म कॉफी ओतण्यात गेला, साडूंनी उंचावरून ओतल्यावर फेस का येतो ते समजावले. काकांनी ओतणे थांबवून ऐकले आणि मागची रांग पार पंख्यापर्यंत गेली. पुलाउ उबीन या शेजारच्या लहान बेटावर नेणारी बंबोट, म्हणजे छोटी लाकडी बोट, पुरेसे उतारू जमल्याशिवाय सुटत नाही. साडूंनी धक्क्यावर उभे राहून नावाड्याला त्याच्याच इंजिनाचे कार्य इतक्या आत्मीयतेने सांगितले की त्याने आम्हा दोघांनाच घेऊन बोट सोडली. नावाडी भारावला होता की टेकीला आला होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. “बाबा, डोन्ट एक्स्प्लेन, लाह,” हे त्यांच्या मुलीने इथल्या ढंगाच्या इंग्रजीत आयुष्यात उच्चारलेले पहिले पूर्ण वाक्य असावे, असा माझा संशय आहे.

अशा माणसाने गुपित राखण्याच्या व्यवसायात पडू नये. साडू पडले. आंग मो किओ भागातली चांगली नोकरी सोडून त्यांनी तिथेच दोन खोल्यांची कंपनी थाटली आणि व्हिडिओ न अडकता दूरवर पोहोचवण्याची एक युक्ती शोधून काढली. मला यंत्रांतले काही कळत नाही, तरी ती युक्ती मी झोपेतून उठवले तरी सांगू शकेन. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो. पंगतीतल्या चांगल्या वाढप्याचे लक्ष जेवणाऱ्याच्या पानावर असते, तसेच आतल्या कढईवरही असते. पुऱ्या कमी पडणार अशी चिन्हे दिसताच तो आत जाऊन लहान पुऱ्या लाटायला सांगतो, पण कोणाचे पान रिकामे पडू देत नाही. साडूंची युक्ती तेच करी. नेट मंदावण्याआधीच ती ते ओळखे आणि पुढचे तुकडे जरा हलक्या दर्जाचे, पण वेळेआधी मागवून ठेवी. चित्र किंचित धूसर होई. थांबत मात्र नसे.

तिची पहिली परीक्षा माझ्या नातीच्या बारशाला झाली. आम्हा दोघांच्या सासूबाई सांगलीला असत आणि त्यांना प्रवास झेपत नसे. आमचे सगळे समारंभ त्यांनी तोवर गोठलेल्या चेहऱ्यांतच पाहिले होते. माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तो क्षण तर त्यांना कधीच दिसला नाही. बारसे आम्ही ब्लॉकखालच्या वॉइड डेकवर केले होते. तळमजल्याची ती भिंती नसलेली मोकळी जागा. तिथे आज एखाद्याचे लग्न लागते आणि उद्या दुसऱ्याची अंत्ययात्रा निघते. साडूंनी कॅमेरा लावला, बायकांनी पाळणा हलवायला घेतला आणि सांगलीहून आवाज आला, “अगं, दोरी जरा हळू ओढा, पोर दचकेल.” सगळ्या जणी थबकल्या. सासूबाई खरोखर पाहत होत्या. साडूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मग समजावायला प्रारंभ केला. पाहुण्यांचे ऐकून झाल्यावर शेजारच्या दगडी टेबलावर बुद्धिबळ खेळणाऱ्या चिनी काकांना त्यांनी बोलावून घेतले, बाजाराच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या एका मलय बाईंना थांबवले आणि ताटातल्या पुऱ्या मांडून पहिल्यापासून सगळे सांगितले. सासूबाईंसाठी सुरू ठेवलेल्या कॅमेऱ्याने तेही टिपले, आणि आमच्यापैकी कोणीतरी तो सगळा सोहळा कौतुकाने इंटरनेटवर ठेवला.

पेटंटचा अर्ज त्यांनी केला तो नात घरभर पळू लागल्यावर. पेटंट मिळाले. पुढे एका बलाढ्य स्ट्रीमिंग कंपनीने तीच युक्ती वापरलेली त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी पेटंटभंगाचा दावा लावला. त्यांना हवे होते ते एवढेच, की ही युक्ती कोणाची, हे न्यायालयाने एकदा मोठ्याने वाचून दाखवावे.

त्यांची वकील ही एक तरुण, अतिशय सहनशील चिनी मुलगी होती. साक्षीत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, असे तिने त्यांना परोपरीने विनवले. माझी मेहुणी जेवणाच्या टेबलावर तालीम घेई. “अहो, ‘हो’ म्हणा आणि पाणी प्या,” असे ती सांगे, आणि साडू ‘हो’ म्हणण्यामागची तीन कारणे देत.

प्रतिपक्षाने न्यायालयात पहिल्याच दिवशी लावला तो बारशाचा व्हिडिओ. मोठ्या पडद्यावर तो अथपासून इतिपर्यंत एकदाही न अडकता चालला. साडूंनी वळून मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला मान खाली घालावी लागली. अर्जाच्या पुष्कळ आधी युक्ती चारचौघांत उघड झाली असेल तर पेटंट टिकत नाही, आणि उघड झाल्यावरही अर्ज करायला कायद्याने दिलेली सवलतीची मुदत केव्हाच उलटली होती. हा कार्यक्रम खाजगी होता ना, त्याला दार असेल ना, असे समोरच्या वकिलाने सौम्यपणे विचारले. दार सोडा, तिथे भिंतच नाही, असे साडूंनी त्याला समजावले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानावर पडले असेल का? कानावर कशाला पडेल, मी त्यांना बोलावून सांगितले, असे साडू म्हणाले. त्यांच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

आता एकच काडी उरली होती, आणि ती आदल्या संध्याकाळी तिने त्यांना दाखवून ठेवली होती: पुऱ्यांची ती गोष्ट वरवरची असेल, तिच्यावरून एखाद्या जाणकाराला ही युक्ती उभारता येत नसेल, तर पेटंट वाचेल. समोरच्या वकिलाने नेमके तेच विचारले. साडू पाणी प्यायले. मेहुणीने माझी बाही घट्ट धरली.

“उभारता येईल,” साडू म्हणाले. “नाही येणार म्हटलं, तर मी त्या लोकांना अर्धवट समजावलं असं होईल. मी कोणालाही अर्धवट समजावलेलं नाही.”

पेटंट रद्द झाले. जरा वाईट समजावले असते तर ते वाचण्याची आशा होती. निकालपत्रात संशोधकाच्या विवेचनाच्या स्पष्टतेविषयी एक गौरवाचे वाक्य आहे. ते साडूंनी कोणालाही वाचून दाखवलेले नाही. दोन खोल्या रिकाम्या झाल्या. कॉफीची रांग आता झरझर पुढे सरकते. मध्यंतरी मी आग्रहाने त्यांना उबीनला नेले. बोट भरेपर्यंत आम्ही धक्क्यावर गप्प बसून होतो, आणि उतरताना नावाड्याने मला बाजूला घेऊन विचारले, तुझा मित्र आजारी आहे का?

गेल्या रविवारी माझी नात त्यांच्या शेजारी बसून टॅबलेटवर कार्टून पाहत होती. मध्येच चित्र क्षणभर धूसर झाले आणि पुन्हा स्वच्छ झाले. मला ते कळले, कारण साडूंनी बोट वर केले होते आणि त्यांचे तोंड किंचित उघडले होते. पोरीने मान वर केली नाही. चित्र थांबले नव्हते, मग ती विचारणार तरी काय? साडूंनी बोट हळूच खाली घेतले आणि गुडघ्यावर ठेवले.

तुमच्याही घरी रोज चित्र असेच न अडकता चालत असेल. ते कसे चालते, असे तुम्ही कधी कोणाला विचारले आहे का?