जागा कमी करायचं ऑफिस

फौजी घरात किस्से साठवावे लागत नाहीत. दर बदलीला आपण म्हणतो, हे टाकून देऊ, ते कुणाला तरी देऊन टाकू. किस्से मात्र न विचारता ट्रकमध्ये चढतात आणि नव्या क्वार्टरमध्ये आपल्याआधी जागा धरून बसतात. माझ्याकडचे हे सगळे दिल्लीतले, आणि त्यांच्या मुळाशी एक काळजी आहे, जिने मला त्या वर्षी धड झोपू दिलं नाही.

काळजी राष्ट्रीय वगैरे नव्हती. माझी मुलगी रेवा तेव्हा सहा वर्षांची, आणि ही तिची तिसरी शाळा. आधीच्या दोन्ही शाळांत ती तोंड उघडेपर्यंत आमचं सामान बांधून झालेलं असायचं. इथेही ती घरी अखंड बडबडायची आणि वर्गात गप्प. तिकडे माझा नवरा अनिकेत, मेजर, मुख्यालयातल्या अशा एका ऑफिसात बसायचा जिथे फौजेची नवी रचना आखतात. कुठल्या शाखा एकत्र करायच्या, कुठल्या बंद करायच्या, तिन्ही दलांना एका छताखाली कसं आणायचं, असलं सगळं. आणि कुजबुज अशी होती की त्यांचं स्वतःचं ऑफिसच दुसऱ्यात विलीन होणार. विलीन झालं की अनिकेतची खुर्ची जाणार, खुर्ची गेली की बदली, बदली म्हणजे चौथी शाळा. मी अंथरुणात पडल्या पडल्या अख्ख्या फौजेची पुनर्रचना करायचे. माझ्या आराखड्यात सगळे हलायचे, मेजर अनिकेत सोडून.

*

माझे सासरे, आप्पा, साताऱ्याकडच्या गावी असतात. तेही फौजीच. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी खेचरांच्या तुकडीत गेली, डोंगरावरच्या चौक्यांना दाणागोटा पोचवण्यात. मुलगा अधिकारी झाला याचा त्यांना फार अभिमान, पण तो दिल्लीत टेबलाशी बसून नेमकं करतो काय, हे काही त्यांना पटत नव्हतं.

एकदा फोनवर त्यांनी सरळच विचारलं. अनिकेत म्हणाला, जागा कमी करायचं काम आहे.

"किती केल्यास?"

"अजून एकही नाही, आप्पा. त्यासाठी आधी चार जागा वाढवून मागितल्यात."

पलीकडे आप्पांनी रेडिओ बंद केला.

"खेचरं बरी," आप्पा म्हणाले. "वाढली तर दिसायची तरी."

*

अनिकेतच्या ऑफिसच्या दारावर पितळेची पाटी होती. फौजेत पितळ म्हणजे रोज घासायचं, त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे. त्या विभागाचं नाव बदललं, म्हणून नवी पाटी करायला टाकली. ती घासूनपुसून दारावर चढली त्याच दिवशी नावात आणखी एक शब्द वाढला. मग पाटीवर कागदाची प्रिंट चिकटवली. त्यांचे ब्रिगेडियरसाहेब शांत माणूस. म्हणाले, सगळं ठरेपर्यंत कागदच राहू दे, पितळ देशाचं आहे.

हे मला अनिकेतने हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. ज्या ऑफिसचं नाव चिकटपट्टीवर आहे, त्या ऑफिसच्या भरवशावर मी रेवाच्या पुढच्या वर्षीच्या गणवेशाचं माप देणार होते.

"कागद लॅमिनेट केलाय का?" मी विचारलं.

"नाही. का गं?"

काही नाही म्हटलं आणि त्या रात्रीही जागीच राहिले.

*

फौजेत म्हणे दात आणि शेपूट असतं. दात म्हणजे प्रत्यक्ष लढणारे, शेपूट म्हणजे त्यांना रसद, कपडे, औषधं, पगार पोचवणारे. शहाण्या फौजेचे दात जास्त आणि शेपूट आखूड. हे मला अनिकेतने एका रविवारी समजावलं, आणि समजावून झाल्यावर ते घराला लागू केलं. माझं औषधांचं खोकं, त्याची हत्यारांची पेटी आणि रेवाचं चित्रकलेचं सामान अशा तीन 'शाखा' रद्द करून त्याने एक कपाट केलं. एकत्रित रसद! मी आपली त्याला डब्या उचलून देत राहिले. एक तर मला अशा वेळी वाटतं की त्याचंच बरोबर असेल, आणि दुसरं म्हणजे मला शेपटात धरलंय की दातांत, हे विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून टीचरचा फोन. टीचर म्हणाल्या, रेवाच्या दप्तरात रंगांच्या डबीऐवजी पक्कड निघाली. मी माफी मागायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, नाही, नाही, ऐका तर. वर्गात सगळ्यांनी विचारलं हे काय आहे, तर रेवा उभी राहिली आणि पक्कड कशाला लागते ते तिने सगळ्या वर्गाला सांगितलं. बाबाने घरचा गळका नळ तिने कसा आवळला, त्या किश्श्यासकट. ती वर्गात पहिल्यांदाच बोलली होती, आणि डब्याच्या सुट्टीत सान्वी नावाची एक मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली होती.

मी स्वयंपाकघरातच खाली बसून थोडी रडले. मग अनिकेतला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पुनर्रचना यशस्वी."

*

तिन्ही दलांना एकत्र आणायचं तर माणसांची ओळख व्हायला हवी, म्हणून एक फॅमिली डिनर ठरलं. फौजेतला रिवाज असा, की सगळ्यांत सीनियर माणसाने ताट उचलल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. आमच्या एकट्या लष्कराच्या पार्ट्यांत हे सोपं असतं. इथे मात्र तीन दलांचे तीन साहेब, तिघांचा हुद्दा एकाच तोलाचा, आणि तिघंही अत्यंत सभ्य. ब्रिगेडियरसाहेबांनी नौदलाच्या साहेबांना हात केला. त्यांनी हवाई दलाच्या साहेबांना. त्यांनी परत ब्रिगेडियरसाहेबांना. मागे आम्ही सगळे रांगेत, समोर पनीरवर साय धरायला लागलेली. जी माणसं देशाची तिन्ही दलं जोडायला बसली होती, त्यांना बुफे सुरू करता येईना.

तेवढ्यात मला दिसलं की माझ्या हातात रेवाचा हात नाही. ती तिन्ही साहेबांच्या मधून सरळ पुढे गेली होती आणि वाटीत गुलाबजाम काढून घेत होती. एक नाही, दोन. मला वाटलं, झालं. आता आज रात्रीच बदलीची ऑर्डर.

ब्रिगेडियरसाहेबांच्या मिसेसनी पर्स बाजूला ठेवली, ताट उचललं आणि म्हणाल्या, "चलो, किसी ने तो कमान संभाली."

*

संक्रांतीच्या सुमारास आप्पा दिल्लीला आले. त्यांना लाल किल्ला नको होता, काही नको होतं. पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला जायचं, बास. गेलो. आप्पांनी टोपी काढली, चपला काढल्या आणि स्मारकासमोर हात जोडून उभे राहिले. महाराष्ट्रातून आलेली आणखीही माणसं होती, सगळी हळू आवाजात बोलत होती.

अनिकेतने मात्र विश्लेषण सुरू केलं. ऑफिसचा परिणाम. म्हणाला, आप्पा, खरं सांगू का, दात कमी नव्हते. शेपूट फार लांब होतं. यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुलं. एवढ्यांना खायला घालायचं, एवढ्यांना सांभाळायचं, मग फौज हलणार कशी?

"बायकामुलं शेपूट व्हय?"

"आमच्या भाषेत, हो."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे शेंगांची पुडी सोलत बसलेल्या रेवाकडे पाहिलं.

"मग ह्या दोघींना कशाला घिऊन आलायस?"

परतीच्या वाटेवर मुरथलला पराठे खायला थांबलो. अनिकेतने माझ्या पराठ्यावर स्वतःहून लोण्याचा आणखी एक गोळा ठेवला. त्यांच्या भाषेत याला काय म्हणतात, ते मी विचारलं नाही.

*

आणि मग ते झालंच. दोन ऑफिसांचं एक झालं, दोन खुर्च्यांची एक झाली, आणि ती एक अनिकेतची नव्हती. त्याची ऑर्डर आली ती सीमेवरची, उंचावरची, जिथे कुटुंब नेता येत नाही. मात्र अशा अधिकाऱ्यांच्या घरच्यांना दिल्लीत राहता येतं. म्हणजे रेवाची शाळा तीच, सान्वी तीच. मी वर्षभर जे मागत होते ते मला मिळालं होतं. फक्त मागताना मी एक माणूस गृहीत धरला होता.

रेवाला कसं सांगायचं, यावर मी बरीच तयारी केली. बाबा का जातो, किती लांब जातो, परत कधी येतो, प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर तयार होतं. चॉकलेटही आणून ठेवलं होतं. पण सुरुवात अनिकेतने केली, आणि त्याला खालच्या मजल्याचं उदाहरण सुचलं. खालचे मेजर अंकल, त्यांची रेवाबरोबर झोपाळ्यावर खेळणारी मुलगी, सगळे मागच्या महिन्यात बदली होऊन गेले होते. आठवड्याभरात त्याच घरात दुसरे मेजर अंकल आले. त्यांचीही एक मुलगी, तीही पहिलीत. रेवा दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर त्याच झोपाळ्यावर होती. फौज अशीच चालते. एक जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, काही अडत नाही.

"तर खालचे अंकल गेले ना, तसंच आता बाबाला जायचंय," अनिकेत म्हणाला. "तू आणि आई इथेच. शाळा पण हीच."

रेवा संत्रं सोलत होती. तिने एक फोड तोंडात टाकली, बी काढून ताटलीच्या कडेला नीट ठेवली. मी चॉकलेटवर हात ठेवून तयार बसले.

"अच्छा," ती म्हणाली. "मग आपले नवीन बाबा कधी येणार?"