जस्ताची राख आणि आजीचा संशय

माझ्या आजीने जन्मभर नवऱ्यावर संशय घेतला.

बाईचा नाही. राखेचा.

आज सकाळी चर्चमध्ये तिच्या वर्षश्राद्धाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. फादर म्हणाले, सेसीलबाई फार श्रद्धाळू होत्या. मागच्या बाकावर मी मान खाली घातली. देवावर होती हो श्रद्धा. माणसांचं काही विचारू नका.

तांदूळ घ्यायचा तर हिचा हात थेट गोणीच्या तळाशी. दुकानदार वैतागायचा, "चाची, सब सेम है!"

"सेम हाय तं दाखव ना!"

मला वाटायचं, स्वभावच तिरका. पण हे तिला तिच्या सख्ख्या भावाने शिकवलेलं होतं.

थोमा मामा, भाईंदरजवळच्या डोंगरी गावचा. तीसच्या दशकात मुंबईच्या कस्टममध्ये माल तपासायच्या कामाला लागला. गावात काय रुबाब त्याचा!

त्याच्या हाताखालून जायची ती जस्ताची राख.

म्हणजे असं बघा. लोखंडी पत्र्यावर जस्त चढवतात. वितळलेल्या जस्तावर साय धरते, ती खरवडून काढली की थंड होऊन राख होते. पण त्या राखेत जस्ताचे दाणे अडकलेले असतात. थोडे असले तर ती राख, जकात कमी. भरपूर असले तर तो धातू, जकात जास्त.

व्यापारी कागदावर काय लिहिणार? राखच.

मामा जेवता जेवता सांगायचा, "वरसून एक मूठ, मदसून एक, तलासून एक. चालनीत उरंल त्यावर हातोडी मारायची. भुगा झाला तं राख, चपटा झाला तं धातू. मानूस काय बोलतो त्याकडं कान द्यायचा न्हाय."

आजीचं लग्न झालं भाईंदरच्या पेद्रूशी, म्हणजे माझ्या आजोबांशी. ते मुंबईत एका शेठकडे होते. शेठचा माल बंदरातून सोडवून आणायचं त्यांचं काम.

एक तपासणारा, एक सोडवणारा, मधे आजी. हे स्थळ जुळून आलं की कोणी जुळवून आणलं? बघा, मलाही लागण झालीय.

लढाई संपली होती, स्वातंत्र्य यायचं होतं. बाहेरून बोटी पुन्हा यायला लागल्या होत्या.

एका रविवारी आजी माहेरी निघाली तेव्हा आजोबा सहज म्हणाले, "थोमाला सांग, उद्या आपला माल हाय. सगल्या गोनी उसवीत बसू नको म्हनाव. शेठ घाई करतो."

सहज म्हणाले. की सहज म्हणाल्यासारखं म्हणाले?

आजीने निरोप दिला. मामा हसला. "पेद्रूचा माल? त्यात काय बघायचा!"

दुसऱ्या दिवशी त्याने फक्त वरची मूठ घेतली. हातोडीखाली भुगा झाला. राख म्हणून सही केली.

गोण्या गेटवर होत्या तेवढ्यात वरच्या साहेबाला शंका आली. त्याने एक गोणी जमिनीवर पालथी केली. वर राख, आणि पोटात जस्ताचे मुठीएवढे गोळे.

मामाची नोकरी गेली.

चौकशीत विचारलं, मधली-तळातली मूठ का नाही घेतली? मामा म्हणाला, "आळस केला." बहिणीचं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. तिथे नाही, गावात नाही, मरेपर्यंत नाही. पुढे भावकीच्या होडीवर गेला. आजीला सणाला मासळी पाठवायचा, पण तिच्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही.

आणि आजोबा? ते शपथेवर सांगायचे, "मना ठाव न्हवता. शेठने फसवला."

शेठने त्यांना कामावरून काढलं नाही. का नाही काढलं?

थोड्याच महिन्यांत आजोबांनी स्वतःच ती नोकरी सोडली आणि घोडबंदरला रेतीच्या कामाला गेले. निर्दोष म्हणून सोडली, की मन खात होतं म्हणून?

आजीने हे दोन्ही बाजूंनी इतकं उलटंपालटं केलं की काही शिल्लक राहिलं नाही. तरी त्यांच्यासोबत संसार केला, चार मुलं वाढवली. त्यांना ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. विश्वास तेवढा ठेवला नाही.

मला हे सगळं तिने शेवटच्या आजारपणात सांगितलं. आपण निरोप नेला होता, हे तोवर आजोबा सोडले तर घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "आजोबांना कधी सरळ विचारलं नाहीस?"

"इचारून काय? त्यांनी न्हायच बोलला असता. आनि मी परत तिथंच."

मग आपणच पुढे सांगायला लागली.

"मरताना त्यांनी माझा हात धरला. बोलले, सेसील, मना खरंच ठाव न्हवता गो. मी बोलले, मना ठाव हाय. माझा विस्वास हाय तुमच्यावर."

"मग?"

"मग काय. डोले मिटले त्यांनी. मी खोटा बोलले, बाय. मरनाऱ्या मानसाशी खोटा बोलले. पाप लागला का गो मना?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "नाही आजी. हे पाप नाही."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुला कसा ठाव?"

आजी, आता तिकडे तुम्ही तिघंही आहात. थोमा मामाला समोर बसव आणि आजोबांना एकदाचं विचारून घे.

उत्तर काहीही येवो, मग मात्र शांत झोप.