सगळे बरे आहेत

रत्नसभापती मास्तरांनी योगमलरला पहिल्यांदा पाहिलं ते लंडनच्या संसदेसमोरच्या चौकात, २००९ च्या एप्रिलमध्ये. भोवती श्रीलंकेतून आलेली हजारो तमिळ माणसं तिथलं युद्ध थांबवा म्हणून घोषणा देत होती आणि पन्नाशीकडे झुकलेली ही बाई कडेला बसून लोकांनी टाकलेल्या घोंगड्यांच्या घड्या घालत होती. प्रत्येक वर्गात अशी एक मुलगी असतेच, मास्तरांच्या मनात आलं.

मास्तरांना लंडनच्या हॅरो उपनगरातले सगळेच तमिळ ओळखत. तिने मान वर केली. "मास्तर, इथेही हजेरी घेताय का?"

"घेतोय. तू घोषणा का देत नाहीस?"

"माझा आवाज ऐकून सरकार उलट पळेल."

तिचा धाकटा भाऊ किरुबैराजा, त्याची बायको आणि दोन मुली श्रीलंकेतल्या मुल्लैतीवूच्या त्या किनारपट्टीत अडकले होते, जिथे लोक वाळूत खड्डे खणून राहत होते आणि तोफगोळे पडत होते. फेब्रुवारीनंतर फोन आला नव्हता. हे तिने बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. हॉटेलातल्या खोल्या साफ करून ती थेट चौकात यायची.

मे महिन्यात निरोप आला. एक खासदारबाई बाहेर येऊन भेटणार होत्या. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्या सरकारला विचारणार होत्या, गोळीबार थांबवायला इथून दबाव का आणत नाही म्हणून. त्याआधी त्यांना युद्धात अडकलेल्यांच्या एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून ऐकायचं होतं. सगळ्यांनी योगमलरला पुढे केलं.

मास्तरांनी तिच्याकडून मोजकी इंग्रजी वाक्यं घोकून घेतली. अन्न नाही, औषध नाही, हे तिने नीट म्हटलं. 'थांबवलं नाही तर ते मरतील' या वाक्याशी मात्र ती दरवेळी अडायची.

"हे तुम्ही म्हणा, मास्तर. माझ्या तोंडून नको."

मास्तरांना वाटलं, लाजते आहे.

खासदारबाई आल्या. मायाळू बाई होत्या. त्यांनी योगमलरचा हात हातात घेतला आणि आधी विचारलं, घरची माणसं कशी आहेत? जाफन्यात कुणी मोठं माणूस दारात आलं आणि त्याने घरची खुशाली विचारली, तर कुठलीही बाई जे उत्तर देईल तेच तिने दिलं. सवयीने हसूनसुद्धा.

"सगळे बरे आहेत."

खासदारबाईंचा चेहरा निवळला. ऐकून बरं वाटलं, असं म्हणून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. त्याने स्वातंत्र्यापासूनचा इतिहास सुरू केला आणि वेळ संपली. दर्शिनी नावाची कायद्याची विद्यार्थिनी त्यांच्यामागे धावत गेली आणि चालता चालता जमेल तेवढं तिने सांगितलं. खासदारबाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

किराणा दुकानवाली पुष्पराणी योगमलरसमोर येऊन उभी राहिली. "बये, तुला गाऱ्हाणं सांगायला पाठवलं होतं की लग्नाचं आमंत्रण द्यायला?"

योगमलर शांतपणे म्हणाली, "जित्या माणसाबद्दल अभद्र कसं बोलायचं, अक्का? बोललेलं खरं होतं."

पुष्पराणी बाजूला झाली. भोवतीच्या कुणीच तिला दोष दिला नाही, कारण घरी असते तर त्यांनीही तेच केलं असतं. तिने सगळं सांगितलं असतं तर काही बदललं असतं का, हे मास्तरांना आजही सांगता येत नाही.

थोड्याच दिवसांत युद्ध संपल्याची बातमी आली. चौकात लोक जमिनीवर बसून हंबरडा फोडत होते. योगमलर रडली नाही. तिने भाताचा डबा उघडला, मास्तर जेवलेत का ते विचारलं आणि डबा पूर्ण संपवला.

किरुबैराजाचं किंवा त्याच्या बायको-मुलींचं नाव निर्वासितांच्या कुठल्याच छावणीत सापडलं नाही. कुणी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. काही वर्षांनी देवळातल्या पुजाऱ्यांनी सुचवलं की तिथी माहीत नसली तरी अमावास्या धरून श्राद्धाचा विधी करता येतो. तिला समजवायला मास्तर तिच्या घरी गेले. तिने त्यांना चहा दिला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"तो गेला, असं तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणा, मास्तर. मग मी करते."

मास्तर चहा पिऊन परत आले.

योगमलर आता हॅरोतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तमिळ आडी महिन्यातल्या, पितरांच्या अमावास्येला ती वडिलांच्या नावाने पान वाढते. भावाच्या नावाने वाढत नाही.